घंटा कोण वाजवतंय

कारभारीण गेली हे डॉक्टरने सांगितलं, तेव्हा सावकाशच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे गळाली ते त्याला कळलंच नव्हतं. दवाखान्याच्या फरशीवर त्याच्या उघड्या पायाचा मातीचा ठसा उठला होता आणि झाडणारी बाई तो पुसायला, हा बाजूला कधी होतो याची वाट बघत उभी होती. तो बाजूला झाला. तिने ठसा पुसला. तेवढ्यात डॉक्टर पुढचं वाक्य बोलून गेला होता, म्हणून मेहुण्याने ते सावकाशला पुन्हा सांगितलं. अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

सावकाश हे काही त्याचं नाव नव्हे. पण त्याला कोणी कधी पळताना बघितलं नव्हतं, म्हणून तरुणपणीच ते चिकटलं. घराला आग लागली तरी हा आधी चप्पल शोधील, असं त्याची बायको, कारभारीण, चारचौघांत म्हणायची आणि तोही हसायचा. बेचाळीस वर्षं हाच विनोद. त्या दिवशी तो पळाला होता. बटाट्याच्या सऱ्या आडव्या तुडवत, ओढ्यातून, चढावर. आणि पळूनही उशीर झाला होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला घालून परत आणताना मेहुणा, म्हणजे कारभारणीचा धाकटा भाऊ, तिच्या डोक्याशी बसला होता. खड्डा आला की तो तिचं डोकं हाताने धरायचा. गावाच्या अलीकडे त्याने मान वर करून विचारलं, की तिच्याजवळ कोण होतं?

सावकाश म्हणाला, लांबडी होती.

मेहुण्याने मान पुन्हा खाली घातली. पण अर्धा तास कोणी घालवला या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर मिळालं होतं, आणि ट्रॉली दारात थांबेपर्यंत ते पक्कं झालं होतं.

लांबडी ही पलीकडच्यांपैकी. डोंगरापलीकडून दर वर्षी काढणीला माणसं येत. काळीभोर, दाट कुरळ्या केसांची, उंचीने थोराड. यंदा अकराजण होते. तोंडावर त्यांना पलीकडचे म्हणत आणि पाठीमागे कोळसे. पाठ पुरती वळायची वाटही बघत नसत. लांबडी त्यांच्यातली वयाने मोठी, साठीला टेकलेली. दोन वर्षांपासून तिचा गुडघा गेला होता, म्हणून कारभारीण तिला खोदाईला न लावता शेडमध्ये आपल्याबरोबर निवडायला बसवायची. मोठा बटाटा एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक गोळी वेगळी, कुदळ लागलेला टोपलीत. दोघी दिवसभर समोरासमोर बसत आणि बोलत. काय बोलत ते सावकाशने कधी विचारलं नाही. पाणी प्यायला मात्र शेडमध्ये दोन मग होते, आणि ज्याच्या कानाला सुतळी बांधलेली तो त्यांचा. सुतळी कुजली की कारभारीण स्वतः नवी बांधायची.

शेड उंचवट्यावर होतं. शेडपुढे दोन माणसांच्या रुंदीचा जुना लाकडी खांब, त्याच्या आडव्या दांड्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. त्यालाच सगळे घंटा म्हणत. थांबून थांबून एक एक ठोका म्हणजे जेवणाची सुट्टी. न थांबता ठोके म्हणजे हातातलं टाकून धावा. आजूबाजूच्या चारही शेतांतून तो खांब दिसायचा, आणि धावायचे तेव्हा सगळे धावायचे. भांडण असलं तरी धावायचे.

पण घंटेला पलीकडच्यांनी हात लावायचा नाही, असा नियम होता. तोही कारभारणीचाच. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या एकाने उगाच घंटा वाजवली होती आणि सगळं शिवार फुकट धावलं होतं. तेव्हापासून वाजवायचा लोखंडी गज खांबाला उंच खिळ्यावर टांगलेला असायचा, आणि घंटा वाजली की लोक उभे राहून आधी डोळ्यांवर हात धरायचे. आपलं माणूस आहे का ते बघायचे. मग धावायचे.

तिला पोचवून आले. दोन दिवस घरात माणसं होती. तिसऱ्या दिवशी आभाळ उतरून आलं. बटाट्याचा पाला आधीच कापून टाकलेला होता, साल पक्की झालेली होती, आणि जमिनीत पाणी शिरलं तर आठ दिवसांत सगळं शेत नासणार होतं. मेहुणा म्हणाला, दुःख घरात राहू दे, कुदळ शेतात जाऊ दे. तो मागे राहिला होता काढणी उरकून द्यायला. माणूस वाईट नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. सावकाशच्या ताटात काय पडलं आणि किती उरलं, हे त्या तीन दिवसांत त्याच्याशिवाय कोणी बघितलं नव्हतं.

सकाळी शेडपुढे सगळे जमले. पलीकडचे अकराजण एका बाजूला, मेहुणा, शेजारचा ट्रॅक्टरवाला आणि आसपासचे चारपाच दुसऱ्या बाजूला. सावकाश उलट्या क्रेटवर बसला होता. मेहुण्याने लांबडीला पुढे बोलावलं आणि शांतपणे विचारलं, की माझी बहीण तुझ्यासमोर छातीला हात लावून खाली पडली आणि तू काय केलंस?

लांबडी म्हणाली, "मी घंटा वाजवली."

कोणी हसलं नाही. मेहुणा ट्रॅक्टरवाल्याकडे वळला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, इंजिनाच्या आवाजात आपल्याला काय ऐकू येणार. दुसरा म्हणाला, तो ओढ्याच्या काठाला होता. तिसरा म्हणाला, वारा उलटा होता. शेवटी मेहुण्याने सावकाशकडे बघितलं.

"दाजी, तुम्ही ऐकलीत का घंटा?"

सावकाशला वाटलं आपण हो म्हणतोय. तोंडातून आलं ते वेगळंच. तो म्हणाला, नीट आठवत नाही. शेवटी वाजली तेव्हा आलो.

लांबडीने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. निवडताना एखादा बटाटा वरून बरा दिसतो, आणि हातात घेतला की बोट आत जातं. तेव्हा माणूस बघतो, तसं. मग ती आपल्या माणसांत जाऊन उभी राहिली. त्या दहाजणांना कोणी काही विचारलं नाही. विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

तिला तेव्हाच हाकलायचं मेहुण्याच्या मनात होतं. पण ती गेली तर दहाजण तिच्यामागे जातील हे त्याला समजत होतं, आणि आभाळ डोक्यावर होतं. म्हणून त्याने तिला शेडमधून काढलं आणि खोदाईला लावलं. शेत रिकामं झालं की हिने परत इथे तोंड दाखवायचं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. सुतळीचा मगही त्याने शेडमधून उचलून बांधावर नेऊन ठेवला.

ती दिवसभर सरीत गुडघा वाकवत, कुदळीच्या दांड्यावर भार टाकत राहिली. सावकाश दोन सऱ्या सोडून पलीकडे होता. कुदळ वर्‍हंब्याच्या पोटात घालून माती उलटवायची, मागच्याने बटाटे वेचायचे. तिची कुदळ नेमकी पडत होती, एकही बटाटा कापला जात नव्हता. पण दर दहा-बारा घावांनी ती थांबायची आणि उजवा हात कपड्यात गुंडाळून घ्यायची. त्याला ते दिसत होतं. गुडघा दुखतो तर हात कशाला गुंडाळते, एवढं त्याच्या मनात आलं आणि गेलं.

मनात दुसरंच चाललं होतं. तो स्वतःला समजावत होता, की आवाज वेगळा होता. हे खरंच होतं. त्या दिवशी आधी आलेला आवाज बद्द होता, गजाचा नव्हता. कोणी दगड घालतंय असा. तसा आवाज ऐकून कोण उठेल? हे त्याने इतक्या वेळा घोळवलं, की दुपारपर्यंत त्याला ते पुरेसं वाटायला लागलं.

संध्याकाळी ऊन उतरताना तो अंगणात हात धूत होता. नात आणि शेजारची मुलगी ओट्यावर खेळत होत्या. नात सहा वर्षांची. मुलगा परगावी कामाला, म्हणून सून आणि नात इथेच असायच्या. नातीने डब्याचं झाकण दोरीने खुंटीला टांगलं होतं आणि चमच्याने ते बडवत होती. शेजारची मुलगी लगेच उठून धावत आली. नात रागावली.

"असं नाही धावायचं. आधी बघायचं कोण वाजवतंय ते."

शेजारच्या मुलीला समजेना. नातीने तिला पुन्हा लांब बसवलं. आता मी कोळशी आहे, ती म्हणाली, आणि चुलीतल्या राखेचं बोट स्वतःच्या गालावर ओढून झाकण वाजवू लागली. शेजारची मुलगी अर्धवट उठली. नात वाजवता वाजवता म्हणाली, "बस खाली. हसायचं आणि परत काम करायचं." शेजारची मुलगी खाली बसली. हसली. हाताने माती उकरू लागली. नात वाजवत राहिली. मग तिने गालावरची राख पुसली, पुन्हा वाजवलं आणि म्हणाली, "आता धाव."

सावकाशच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी पायावरून गेलं.

त्याने जवळ जाऊन विचारलं, हे कोणी शिकवलं? आवाज चढवला नव्हता, तरी शेजारची मुलगी पळाली. नात त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला हा प्रश्नच कळला नसावा.

"तुम्हीच तर," ती म्हणाली. "आजी गेली त्या दिवशी."

तो ओट्यावर बसला. आठवत नाही असं त्याने चारचौघांत सांगितलं होतं. आठवत सगळंच होतं, फक्त त्याने ते उलगडून बघितलं नव्हतं.

त्या दिवशी ते लांबच्या तुकड्यात होते, ओढ्यापलीकडे. नात पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ आली होती आणि वेचलेल्या बटाट्यांतून तोंडासारखे दिसणारे बटाटे बाजूला काढत होती. घंटा सुरू झाली. न थांबता. सगळे उठले. त्यानेही डोळ्यांवर हात धरला. उंचवट्यावर खांबाजवळ लांबडी उभी होती. उंच, काळी, दगड घेऊन रुळावर मारणारी. ओळखू न येण्यासारखं काही नव्हतं. पलीकडच्यांपैकी एकजण म्हणाला होता, मालक, ती उगाच वाजवणार नाही. त्यावर सावकाश म्हणाला होता, उगाच वाजवल्याशिवाय करमतं का तुम्हाला? शेजारच्या शेतात ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून उभा राहिला होता. त्याने लांबूनच हात हलवून विचारलं, काय? सावकाशने हात झटकून सांगितलं, काही नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले होते. नातीने त्याची बाही ओढली होती, आजोबा, घंटा. आणि तो म्हणाला होता, ती आपली नाही बाळा, त्यांची आहे. कोण वाजवतंय ते आधी बघायचं असतं.

मग त्याने कुदळ उचलली होती. घंटा वाजत असताना त्याने चालू सरी संपवली होती आणि पुढची निम्मी केली होती. काढणी केलेल्या माणसाला दीड सरीला किती वेळ लागतो हे कोणी सांगावं लागत नाही.

त्याने नातीला कधी हे शिकवायचं म्हणून शिकवलं नव्हतं. पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं तर तिला महिना लागत होता. आणि हे एका वाक्यात बसलं होतं, हसण्यासकट. त्याला स्वतःला कोणी शिकवलं होतं? वडिलांनी कधी काही सांगितलेलं त्याला आठवेना. एवढंच आठवलं, की लहान असताना तो चुकून सुतळीच्या मगाने पाणी प्यायला होता. वडील मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. ते नुसते थुंकले आणि आईने त्याचे ओठ तीनदा धुतले.

नातीने विचारलं, "माझं चुकलं का खेळताना?"

तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, हो. ती गोंधळून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो बांधाकडे गेला. पलीकडचे झाडाखाली जेवत होते. तो आला तसे ते उठायला लागले. त्याने बसा म्हटलं, तरी बसेनात. लांबडी एकटीच बसून राहिली, कारण गुडघ्यामुळे तिला तेवढ्या चपळाईने उठता येत नव्हतं. तो तिच्यासमोर मातीत उकिडवा बसला. इतक्या वर्षांत तो तिच्याइतक्या खाली कधी बसला नव्हता. काय विचारावं हे कळेना, म्हणून त्याने हात दाखव म्हटलं.

तिने कपडा सोडला. तळव्याची सालटी निघाली होती, मधे चीर पडली होती, आणि कुदळ धरून ती पुन्हा उघडली होती.

"दगड होता," ती म्हणाली. "धारेच्या कडेचा होता."

"गज होता ना वर."

"गजाला आम्ही हात लावायचा नाही, मालक."

मग तिने सांगितलं. तिने एका दमात सांगितलं नाही. मधे पाणी प्याली. मधे त्याच्याकडे न बघता शेताकडे बघत राहिली. कारभारीण गोळी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, माझ्या छातीवर कोणी बसलंय का बघ गं. म्हणाली हसूनच. मग आडवी झाली. लांबडीने तिला टोपलीला टेकवलं. धावत यावं तर गुडघा असा. आणि तिला एकटीला टाकून कुठे जायचं? कारभारीणच म्हणाली, घंटा वाजव. लांबडीने विचारलं, मी वाजवलेली चालेल का? ती म्हणाली, आता चालेल. म्हणून वाजवली. वाजवता वाजवता ती मागे वळून सांगत होती, की सगळे उभे राहिलेत, इकडेच बघतायत, येतील आता. मग ते पुन्हा वाकले. ते काही तिला सांगता आलं नाही. पण कारभारीण आवाजावरून समजली असावी. तिने विचारलं, आले का? लांबडी म्हणाली, येतायत. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. लांबडी पुन्हा म्हणाली, येतायत. हाताला रक्त लागून दगड निसटायला लागला होता.

"तेव्हा बाई म्हणाल्या, तू दिसतेस त्यांना."

सावकाशला आधी कळलंच नाही.

"म्हणाल्या, तू दिसतेस म्हणून येत नाहीत. गज घे. खांबाच्या मागे उभी राहा. अंग दिसू देऊ नकोस. मग येतील." लांबडीने कपडा पुन्हा हाताला गुंडाळायला घेतला. "मी खांबाच्या मागे गेले. मग तुम्ही आलात."

कारभारीण शेवटचं बोलली ती हे. नवऱ्याला निरोप नव्हता, मुलाचं नाव नव्हतं. मरताना तिला आपलं माणूस आपल्यापर्यंत कसं आणायचं ते बरोबर ठाऊक होतं, कारण तो नियम तिनेच घातला होता.

तो उठला तेव्हा त्याचे पाय मुंग्या येऊन बधीर झाले होते. तो तसाच चढावर गेला. खांबाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथून शेत दिसत नव्हतं. एकही माणूस दिसत नव्हता. फक्त समोर खांबाचं लाकूड, नाकापासून वीतभर, आणि डाव्या हाताला शेडमधली टोपली, जिथे ती टेकून बसली असणार. म्हणजे लांबडी वाजवत होती तेव्हा कोणी येतंय की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि दिसत होती ती फक्त कारभारीण. रुळाच्या तुकड्यावर खालच्या अंगाला रक्ताचे काळे डाग वाळले होते. इतके दिवस सगळे या घंटेखालून ये-जा करत होते.

त्याला आता तेही आठवलं. आवाज मधे थांबला होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा खणखणीत होता. त्याने मान वर केली, खांबाजवळ कोणी दिसलं नाही. कोणी दिसत नाही म्हणजे कारभारीण शेडच्या आतून हात काढून वाजवत असणार, म्हणजे आपलं माणूस. तेव्हा तो पळाला होता. ट्रॅक्टरवालाही तेव्हाच पळाला होता. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

आणि आणखी एक, जे त्याने मागितलं नव्हतं तेही आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी घंटा उगाच वाजली होती ती. उगाच नव्हती. त्यांच्यातल्या एकाच्या पायावर कुदळ पडून दोन बोटं गेली होती. सगळे धावले, आणि धापा टाकत पोचल्यावर कोणाचा पाय आहे ते बघून परत फिरले. जाताना शिव्या देत गेले. तोही त्यांत होता. उगाच हा शब्द नंतर आला, आणि मग तोच राहिला.

चहाच्या वेळी सगळे शेडपुढे होते. सावकाश कप हातात घेऊन उभाच राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. घरातलं बोलणं सगळं कारभारीण बोलायची.

तो म्हणाला, "घंटा वाजली होती. मी ऐकली. मी बघितली. ही वाजवत होती म्हणून मी आलो नाही."

मेहुण्याने त्याच्या हातातला कप काढून घेतला, कारण तो हिंदकळत होता. दाजी बसा, म्हणाला. सावकाश बसला नाही. त्याने ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, की तुझं इंजिन बंद होतं ना? आपण हसलो होतो ना? ट्रॅक्टरवाला चहात बघत राहिला. वारा उलटा होता म्हणणारा म्हणाला, की बाईमाणूस गेलं की पुरुषाचं असंच होतं, माझा बापही सहा महिने काहीबाही बोलत होता. कोणीतरी हो म्हणालं. कोणीतरी आभाळाकडे बघून म्हणालं, आज पडत नाही. आणि बोलणं पावसावर गेलं.

मेहुणा मात्र तसाच उभा होता. सावकाशचा कप अजून त्याच्या हातात होता. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे ताईला तुम्ही मारलंत असं म्हणायचंय का तुम्हाला? का मी तसं म्हणावं अशी इच्छा आहे?" मग तो शेडच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर त्याने लांबडीला पुन्हा निवडायला बसायला सांगितलं. माफी वगैरे काही नाही. सुतळीचा मगही बांधावरून उचलून शेडमध्ये आणून ठेवला. आपण भरपाई केली असंच त्याला वाटलं असणार.

घरी जाताना ट्रॅक्टरवाल्याने सावकाशला गाठलं. इंजिन बंदच होतं, असं तो इकडेतिकडे बघून म्हणाला. पण हे असं उघड्यावर बोलून काय मिळवलंस? मलाही याच गावात राहायचंय. मलाही रात्री पाठ टेकायची आहे. दोघं चालत राहिले. वेगळे व्हायच्या जागी तो म्हणाला, तुझी एक चप्पल माझ्या शेतात सापडली, बांधावर ठेवलीय.

शेवटच्या दिवशी चार सऱ्या उरल्या होत्या. सावकाश सकाळीच शेडमध्ये गेला, मगाची सुतळी कापली आणि दोन्ही मग शेजारी ठेवले. मग गज खिळ्यावरून काढून खाली, हाताशी येईल असा टांगला. लांबडी निवडत बसली होती. त्याने तिला सांगितलं, की यापुढे कोणीही वाजवा. पुढच्या वर्षी या. कोणी वाजवली तरी मी येईन.

तिने एक कापलेला बटाटा टोपलीत टाकला.

"याल," ती म्हणाली. "पण आधी बघाल, मालक."

तो म्हणाला, नाही बघणार. तिने पुढचा बटाटा उचलला. थोड्या वेळाने तिला तहान लागली तेव्हा तिने दोन्ही मग उचलून, फिरवून बघितले. कोणता कोणाचा होता ते आता कळत नव्हतं. तिने दोन्ही खाली ठेवले आणि ओंजळीने पाणी प्याली.

त्याने नातीला बरोबर शेतात नेलं होतं. वाटेत तिला सांगितलं, की मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. घंटा वाजली की उठायचं आणि धावायचं. वाजवणारा कोण ते बघायचं नाही. नातीने ऐकून घेतलं. मग विचारलं, की तुम्ही धावला असता तर आजी आली असती का घरी? तो म्हणाला, आली असती कदाचित. तिने त्याच्या हाताचं बोट सोडलं आणि ती सरीच्या पलीकडच्या कडेने चालू लागली.

सकाळी अकराच्या सुमाराला घंटा वाजली. न थांबता.

सावकाश वाकलेला होता. कुदळ वर्‍हंब्यात होती. हात सुटला, कुदळ तशीच उभी राहिली, आणि तो ताठ झाला. उजवा हात डोळ्यांवर गेला. उंचवट्यावर एक पलीकडची मुलगी गज घेऊन उभी होती. आणि मग तो पळाला. ओढ्यातून, चढावर, या वेळी दोन्ही चपलांसकट. काही विशेष नव्हतं. शेडचं छप्पर वाऱ्याने एका बाजूने सुटलं होतं आणि निवडलेल्या ढिगावर पावसाचे थेंब पडू लागले होते. पलीकडचे सगळे आधीच पोचले होते. त्याने ताडपत्रीचं टोक धरलं. शेजारच्या शेतांतून कोणी आलं नाही.

धाप बसल्यावर त्याने मागे बघितलं. नात सरीच्या टोकाला जिथे होती तिथेच उभी होती. तिने धावायला पाय उचललेला नव्हता. ती घंटेकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. तिने त्याचा हात बघितला होता. तिनेही उजवा हात डोळ्यांवर धरला होता, त्याने धरला होता तसाच.

त्या चार सऱ्या पावसाने जोर धरायच्या आधी निघाल्या. पलीकडचे दुसऱ्या दिवशी गेले. लांबडी पुढच्या वर्षी येईन म्हणाली नाही आणि येणार नाही असंही म्हणाली नाही. शेत रिकामं आहे. गज खालीच टांगलेला आहे. सावकाश रोज उंचवट्यावर जाऊन घंटा एकदा वाजवतो आणि खाली शेजारच्या शेतांत कोण मान वर करतं ते बघतो. सगळे करतात. न बघता उठायचं त्याला स्वतःलाही अजून जमलेलं नाही, आणि नातीला ते शिकवायचं राहिलं आहे.